औशाहून आलेली बाटली

वाईन शॉपसमोरून साक्षी दोनदा गेली आणि दोनदाही तिची स्कूटी आपोआप पुढं निघून गेली. तिसऱ्या वेळी मात्र तिनं स्कूटी लावली, ओढणी सावरली आणि कुणाकडंही न बघता सरळ आत शिरली.

दुपारचे बारा वाजले होते. मार्चचं ऊन नांदेडच्या रस्त्यांवर पांढरं पडलं होतं. या वेळेला गर्दी नसणार हा तिचा अंदाज जवळजवळ बरोबर निघाला. जाळीच्या खिडकीपाशी दोघं-तिघं होते, पण आतल्या काचेच्या कपाटासमोर एकच तरुण उभा होता. निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातातल्या बाटलीवरची धूळ तो रुमालानं पुसत होता... अगदी हलक्या हातानं, झोपलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं.

हा इथलाच माणूस, असं साक्षीनं धरून टाकलं.

“एक वाईन द्या,” ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. “चांगली... म्हणजे, स्पेशल.”

त्यानं वळून पाहिलं. डोळ्यांत हसू होतं, पण ते त्यानं ओठांवर येऊ दिलं नाही. “कुणासाठी?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“करायचं काय न्हाई. पण कोण पिणार अन् संगं काय खाणार, हे कळल्याबिगर बाटली कशी सांगू?”

बोलणं मुद्द्याचं होतं. मग साक्षीनं सांगून टाकलं. ती फिजिओथेरपिस्ट. नायगावची, पण चार वर्षांपासून नांदेडात. मागच्या हिवाळ्यात तिच्याकडं एकाच महिन्यात चार जण आले, चौघांचेही गुडघे नवे बसवलेले. आठवड्यातून तीनदा ते एकत्र व्यायाम करत, एकमेकांना हसत, एकमेकांचे वाकलेले कोन मोजत. आपलं नाव त्यांनी ‘गुडघा मंडळ’ ठेवलं होतं. त्यातल्या केवळाबाई अडुसष्ट वर्षांच्या. पहिल्या दिवशी पलंगावरून पाय खाली सोडतानाही त्या रडल्या होत्या. गेल्या आठवड्यात त्या कठड्याला हात न लावता स्वतःच्या घराची गच्ची चढून गेल्या. वर पोचल्या आणि तिथूनच त्यांनी जाहीर केलं, पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी सगळ्यांनी इथं जेवायला यायचं. आणि जेवणात वाईन पाहिजे.

“त्यांनी कधी चाखलेली?”

“कधीच नाही. म्हणून तर. नवऱ्यासमोर म्हणाल्या, जन्मात एकदा चव बघायचीय. सगळे हसले आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.” साक्षीनं सुस्कारा टाकला. “मी सगळ्यांत तरुण. म्हणजे मला सगळं माहीत असणार.”

“डॉक्टरला विचारलं?”

“विचारलं. दोन घोट चालतील म्हणाले.”

जेवणाचा बेत त्यानं नीट विचारून घेतला. भरली वांगी, ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी, शेवटी शेवयाची खीर. मग तो कपाटाकडं वळला, वरपासून खालपर्यंत एकेका बाटलीवर नजर फिरवली आणि मान हलवली. यातली एकही नाही, म्हणाला. या कपाटावर दुपारी चारनंतर ऊन येतं, आतली वाईन चहासारखी तापते.

आपल्याच दुकानातला माल कोणी असा नाकारतं का, हे साक्षी विचारणार, तेवढ्यात गल्ल्यावरून मालकांचा आवाज आला. “भाऊ, दर मंगळवारी येता, पुसता अन् जाता. आता गिऱ्हाईक बी फिरवून राहिले का?”

साक्षीचे कान तापले. “तुम्ही... इथले नाही?”

“मी इथला हाय असं कुठं म्हणलं?” आता हसू त्याच्या ओठांवर आलं. “मन्मथ बिराजदार. औशाचा.”

औशाला त्याची द्राक्षाची बाग होती. मंगळवारी तो नांदेडच्या फळबाजारात माल घेऊन यायचा. पण त्याआधी चार वर्षं तो नाशिककडं एका वायनरीत होता. हातातली बाटली तिथली होती आणि तिच्यातली वाईन त्यानंच घडवलेली.

“म्हणून बघायला येतो,” तो जरा लाजत म्हणाला. “बरी हाय का, विचारायला.”

“लोक पाहुण्यांना भेटायला जातात. तुम्ही बाटलीला.”

“पाहुणे चहा पाजतात. ही बिचारी काय मागत न्हाई.”

साक्षीला हसू आलं. मन्मथनं बाटली जागेवर ठेवली. मग थोडं थांबून म्हणाला, “माझ्याकडं एक हाय. घरी. एकच.”

“मी तुम्हाला ओळखत नाही.”

“मला कशाला? बाटलीला ओळखा. येत्या दिवसांत कधीबी औशाला या, आवडली तर न्या.”

दर दुसऱ्या शनिवारी लातूरच्या एका दवाखान्यात आपले पेशंट असतात, हे त्याला सांगायची काही गरज नव्हती. तरी तिनं सांगितलं, आणि आपला नंबरही दिला.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. एकच प्रश्न होता. केवळाबाई चहात साखर किती घेतात? साक्षीनं उत्तर दिलं आणि फोन ठेवून बराच वेळ उगीचच हसत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक प्रश्न. त्यांना कैरी आवडते का? तिसऱ्या दिवशी, कारलं कडू लागतं म्हणून सोडतात की कडू लागतं म्हणून खातात? मंडळातल्या प्रत्येकाची जीभ त्यानं अशी एकेक करून समजून घेतली. शेषेराव, केवळाबाईंचे यजमान, जन्मभर शाळामास्तर, गोडाचे शौकीन. देगलूरकडचे व्यंकटराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, ठेच्याशिवाय न जेवणारे. शिवणकाम करणाऱ्या नीलाबाई, ज्यांना कशातच मीठ पुरत नाही.

सातव्या दिवशी चौकशीला माणूस उरला नाही. तरी फोन आला.

“आज कुणाचं विचारायचंय?” साक्षीनं विचारलं.

“एक जण राहिलंय.” तो थांबला. “तुम्हाला काय आवडतं?”

साक्षी खिडकीपाशी उभी होती. खाली भाजीवाल्याची गाडी जात होती, कोथिंबिरीचा वास वरपर्यंत येत होता. मग ती म्हणाली, तिला चिंचेचं कोवळं पान आवडतं. लहानपणी नायगावला शाळेच्या मागं झाड होतं. आंबट असतं, पण नंतर जीभ गोड होते.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. “हॅलो?”

“हाय. लिहून घेतोय.”

मधल्या मंगळवारी तो द्राक्षांची पेटी घेऊन थेट तिच्या दवाखान्यात आला. मंडळासाठी, म्हणाला. मंडळ भिंतीला टेकून पाय ताणत होतं. केवळाबाईंनी पाय तसाच ठेवून त्याला आपादमस्तक पाहिलं आणि तो गेल्यावर साक्षीला जवळ बोलावलं.

“बाटली निवडायला सांगितली होती गं तुला,” त्या म्हणाल्या. “तू तर बागच निवडून राहिली.”

शनिवारी सकाळी साक्षी लातूरच्या बसमध्ये बसली. चाकूर यायच्या आत त्याचा दोनदा फोन आला होता. दवाखान्यातलं काम दोनला संपलं. मन्मथ मोटारसायकल घेऊन बाहेर उभा होता, हेल्मेट एक डोक्यात आणि एक हातात. औशाचा रस्ता तासाभराचाही नव्हता. वारा गरम होता, त्याच्या शर्टाला फवारणीच्या गंधकाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. साक्षीनं सीटच्या मागची दांडी घट्ट धरली होती... निदान निम्म्या रस्त्यापर्यंत.

मग बाग आली. वर पानांचं छत, खाली हिरवट उजेड आणि हात लावाल तिथं घोस. मन्मथ पुढं चालत होता, बोलत होता. वडिलांनी, गुरुपादप्पांनी, इथल्याच अर्ध्या एकरात एकदा वाईनची काळी द्राक्षं लावली होती. पोराच्या नादानं. तीन वर्षांपूर्वी त्यांची पहिली तोडणी नाशिकला नेली आणि मालकाच्या परवानगीनं वेगळी वाईन केली. चोवीस बाटल्या निघाल्या. पुढच्या वर्षी वडील गेले. मन्मथ घरी परतला. त्या वेलींकडं बघायला उसंत मिळाली नाही, त्या वाळल्या, काढाव्या लागल्या. बाटल्याही वाटल्या गेल्या. एक राहिली.

“ती तुम्ही देणार?” साक्षीनं विचारलं. “एका ओळख नसलेल्या बाईला?”

“चार महिने गुडघा वाकवून गच्चीवर गेलेल्या बाईला. दुसरी कोण पिणार ती? मला उघडायचं धाडस होत न्हाई.” मग त्याचा आवाज खाली आला. “फक्त आईसमोर बोलू नका. आमच्या घरात कुणी दारूला शिवत न्हाई. आईला वाटतंय मी नाशिकला रसाच्या कंपनीत होतो.”

साक्षी थांबली. “चार वर्षं?”

“चखून थुंकायचो. एक घोट घशाखाली न्हाई गेला, देवाशपथ. आईला वडिलांनी सांगितलं न्हाई, मग मी बी न्हाई...”

“मग मी ती नेणार नाही.”

“का?”

“केवळाबाईंनी नवऱ्याच्या तोंडावर सांगितलं, मला वाईन प्यायचीय. अडुसष्टाव्या वर्षी. त्यांच्या टेबलावर मी लपवलेली बाटली ठेवू?” ती रागावली नव्हती, पण हसतही नव्हती. “आईंना सांगा. मग द्या. नाहीतर मी केवळाबाईंना सरबत नेते.”

मन्मथनं मान खाली घातली. मग तो ‘बरं’ म्हणाला. आधी बाटली घेऊ, मग घरी जाऊ. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत त्यानं ती मागच्या कोनाड्यात ठेवली होती, पोत्याखाली. तो आत गेला. पोतं उचलल्याचा आवाज आला. मग डबे सरकवल्याचा, मग काहीच नाही. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

बाटली नव्हती.

घर बागेला लागूनच होतं. मन्मथच्या आई, गौरम्मा, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, डोक्यावर पदर. पाहुणीला त्यांनी पाणी दिलं, बस म्हणाल्या. मन्मथ उभाच राहिला. त्यानं एकदा साक्षीकडं पाहिलं आणि मग सगळं सांगून टाकलं. नाशिक, वायनरी, वडिलांची द्राक्षं, बाटली. सांगताना तो लहान झाल्यासारखा दिसत होता. साक्षीला त्याचा हात धरावासा वाटला.

गौरम्मांच्या हातातलं शेंगा फोडणं थांबलं नाही.

“झालं सांगून?” त्या म्हणाल्या. “चार वर्षं तुझे शर्ट मीच धुतले. दिवाळीला यायचास तेव्हा त्याला रसाचा वास यायचा व्हय?”

“आई, तुला...”

“अन् ती बाटली. तिच्यावर ‘औसा’ कुणी लिहिलंय? तुझ्या बापाचं अक्षर मला कळत न्हाई काय?” त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत आत गेल्या. ज्वारीच्या कणगीचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, कोपरापर्यंत ज्वारीचे दाणे चिकटले होते. “मोटारीच्या खोलीत भट्टी पेटल्यावाणी गरम व्हतं. कागदावर लिहिलंय थंड जागी आडवी ठेवा. मला वाचता येतं.”

लुगडं उलगडलं. काळपट काच, आणि तिच्यावर पांढऱ्या कागदावर एका साध्या माणसाचं वळणदार अक्षर. मन्मथनं कागदावरून बोट फिरवलं. गौरम्माही क्षणभर त्या अक्षराकडं बघत राहिल्या.

“मला सांगायला पाहिजे होतं त्यांनी,” त्या हळूच म्हणाल्या. “मी रागावले असते. दोन दिवस बोलले नसते. मग बोललेच असते की.” त्यांनी बाटली साक्षीच्या मांडीवर ठेवली. “घेऊन जा. ज्वारीत निजून काय पीक येणार हाय तिला.”

मग जेवायला बसवून त्यांनी साक्षीची सगळी विचारपूस केली. गाव कुठलं, आडनाव काय, वडील काय करतात. हंबर्डे म्हटल्यावर त्या जरा थांबल्या.

“मटण खाता का तुम्ही?”

मन्मथच्या हातातला घास तसाच राहिला. साक्षीला खोटं बोलता आलं असतं. “खातो,” ती म्हणाली. “मी पण खाते.”

गौरम्मांनी तिच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. “इथं नको खाऊ. बाकी तुझं तोंड तुझं.”

साक्षीनं मान खाली घातली, पण तिचे गाल लाल झालेले दोघांनीही पाहिले. इथं नको खाऊ म्हणजे... पुन्हा येणं त्यात आलंच.

बाटली मात्र साक्षीला नेता आली नाही. बसमध्ये हिसके बसतात, तिला जपून न्यावं लागतं, असं मन्मथचं म्हणणं. रविवारी तो स्वतःच आला. औसा ते नांदेड ती त्याच्या मांडीवर आडवी होती, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली, आणि शेजारचा प्रवासी सारखा विचारत होता की लेकराला बरं नाही का.

मंडळाला औषधांच्या वेळा होत्या, म्हणून जेवण साडेसहालाच होतं. केवळाबाईंच्या गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, खुर्च्याही मांडल्या होत्या. गोदावरीच्या अंगानं वारा सुटला होता, आकाश पिकल्या पपईच्या रंगाचं. केवळाबाईंनी नवी जांभळी साडी नेसली होती. चौघंही जिना एकापाठोपाठ एक चढून आले आणि प्रत्येक जण वर पोचल्यावर बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

वाईनचे ग्लास कुणाकडंच नव्हते. चहाचे काचेचे ग्लास धुऊन पुसून मांडले. मन्मथनं बूच काढलं. अगदी बारीक आवाज झाला. त्यानं बूच नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. व्यंकटरावांनी पुढं वाकून पाहिलं. तीन वर्षं, त्यातले कितीतरी दिवस त्या तापलेल्या खोलीत... आंबून तिचा शिरका झाला असेल तर?

मन्मथनं डोळे उघडले. ते ओले होते. “चांगली हाय,” तो म्हणाला.

दोन-दोन घोट प्रत्येकाच्या ग्लासात पडले. पहिला मान केवळाबाईंचा. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला, शेषेरावांकडं एकदा पाहिलं आणि घोट घेतला. तोंड वाकडं झालं. मग सरळ झालं. मग त्या बराच वेळ नदीकडं बघत राहिल्या.

“कशी हाय?” शेषेरावांनी विचारलं.

“तुरट हाय. अन् जांभळावाणी.” त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. “पहिल्यांदा वाटलं, यासाठी एवढं कशाला. आता वाटतंय अजून एक घोट घ्यावा.” आणि घेतला. मग ग्लास शेषेरावांच्या हातात दिला, उरलेलं त्यांनी प्यावं म्हणून. पन्नास वर्षांत त्यांनी एकमेकांच्या उष्ट्या ग्लासातून कधी काही प्यायलं नव्हतं, हे नंतर नीलाबाईंनी सगळ्यांना सांगितलं. शेषेराव लाजले, पण प्यायले.

साक्षी आपला ग्लास घेऊन कठड्यापाशी गेली. मन्मथ तिच्या मागं आला. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता.

“तुम्ही नाही घेणार?”

“आईला शब्द दिलाय. आता लपवायचं काय राहिलं न्हाई, तर शब्द बी मोडायचा न्हाई.” त्यानं तिच्या ग्लासाकडं पाहिलं. “चव मला जिभेपर्यंतच ठाऊक हाय. पुढं काय होतं, ते न्हाई. सांगता का?”

साक्षीनं घोट घेतला. आंबट होती... तुरट होती... तिनं डोळे मिटले.

“आधी तोंड आवळतं,” ती म्हणाली. “मग घशातून खाली जाते. काहीच होत नाही. वाटतं, संपलं. आणि मग इथं,” तिनं गळ्याखाली बोटं टेकवली, “हळूहळू ऊब येते. थांबत नाही. पसरतच जाते.”

“हे वाईनचं सांगून राहिल्या का?”

तिनं डोळे उघडले. तो अगदी जवळ उभा होता. “नाही,” ती म्हणाली. “दोन आठवडे झाले. वाईन तर मी आत्ता प्यायले.”

मागं व्यंकटराव कशावरून तरी मोठ्यानं हसत होते, ताटं वाजत होती. मन्मथनं कठड्यावर दोन्ही हात टेकले. काल आई एक गोष्ट म्हणाली, त्यानं सांगितलं. तुझ्या बापाची वेल पुन्हा लाव म्हणाली, त्याच अर्ध्या एकरात. वाईन मात्र घरात करायची नाही, नाशिकलाच न्यायची.

“साक्षी.” पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली. “वेल लावल्यापासून पहिली बाटली हाती यायला तीन-चार वर्षं लागतील.”

“मी थांबते.”

“बाटलीसाठी?”

“नाही,” ती म्हणाली. “आणि नुसतं थांबणार पण नाही. लावायला येते.”

मन्मथनं तिच्याकडं वळून पाहिलं. साक्षीनंच मग पुढचं सांगितलं. नायगावला घरी सांगावं लागेल, ती स्वतः सांगणार. तिचे वडील, आबा, सुरुवातीला रागावतील, गप्प होतील, महिना-दोन महिने बोलणार नाहीत.

“चालतंय,” मन्मथ म्हणाला. “वेल बी पहिल्या साली काय बोलत न्हाई. तरी आपण रोज पाणी घालतोच की.”

“आबांना वेल म्हणता?”

“तुमच्यासमोरच. त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहीन.”

साक्षी हसली. वाऱ्यानं तिची ओढणी उडून त्याच्या हातावर पडली आणि ती तिनं ओढून घेतली नाही. मग केवळाबाईंची हाक आली की भाकरी गार व्हायला लागल्या, वाईन निवडणाऱ्यांनी आता जेवायला बसावं. जागा दोघांची शेजारी-शेजारी ठेवली होती, आणि ताटही केवळाबाईंनी, वाईनचे ग्लास नव्हते तसंच एक ताट कमी पडलं असं सांगून, दोघांत एकच वाढलं होतं.